इंग्रजी हृदय आणि आमच्याकडचा जीव

स्मरणिकेसाठी एखादा वैद्यकीय विषय निवडावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल असे आपल्या भागातील नेहमीचे विषय समोर होते. त्यांवर माझ्याहून अधिकारवाणीने लिहू शकणारी मंडळी आपल्यात आहेत. म्हणून मी निवडलेला विषय वरकरणी वैद्यकाचा वाटणार नाही. शाळेत इंग्रजी शिकताना प्रेमाचे आणि शरीराचे जे वाक्प्रचार आपण पाठ केले, त्यांचे पुढे दवाखान्यात काय झाले, हा तो विषय. डॉक्टर नसलेल्या वाचकांनीही तो वाचावा अशी इच्छा आहे, कारण यातील अर्धे शब्द त्यांचेच आहेत.

प्रथम गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. माझे खैरलांजी हे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले, तहसिलीचे गाव. याच नावाचे दुसरे गाव भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे जे हत्याकांड झाले त्यामुळे ते नाव देशभर पोचले आणि बाहेरगावी आम्हाला आजही 'कोणते खैरलांजी?' असे विचारले जाते. आमच्या बाजूने वैनगंगा किंवा बावनथडी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सोयरीक, बाजार आणि बोली मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर पूर्वीसारखीच राहिली. घरात झाडीच्या वळणाची मराठी, शेजारी पोवारी, शाळेत हिंदी आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजी, असा माझ्या पिढीतील बहुतेकांचा भाषेचा प्रवास आहे. आमच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळा आला की आमचा रुग्ण 'डोरा आला' म्हणतो. चार भाषांच्या या वाटेवर शरीर तेच राहिले, मात्र त्याच्या अवयवांना नेमून दिलेली कामे दर मुक्कामी बदलत गेली.

पाठांतराचे दिवस

वडिलांनी नागपूरच्या शाळेत वापरलेली तर्खडकरांची भाषांतरपाठमाला आमच्या घरी होती. पुढे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यानंतर परीक्षेसाठी वाक्प्रचारांच्या याद्या आल्या: डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला हिंदी अर्थ. त्या यादीत प्रेम आणि शरीर यांची इतकी गर्दी होती की इंग्रज माणूस प्रत्येक भावना कुठल्या ना कुठल्या अवयवाला बांधून ठेवतो, असे वाटावे. कोणी प्रेमात पडला की तो डोक्यावरून टाचांवर उलटतो. कोणी आपले हृदय बाहीवर लावून फिरतो, म्हणजे मनातले लपवीत नाही. मुलीला मागणी घालायची ती तिचा हात मागून. आणि लग्न ठरल्यावर ज्याचे पाय थंड पडतात, त्याचे मन कचरलेले असते.

या शेवटच्या वाक्प्रचारावर आम्ही मुले हसत असू. आमच्याकडे हातपाय गार पडणे म्हणजे धास्तीने गर्भगळित होणे किंवा प्राण जाण्याची घटका जवळ येणे. वैद्यकीय शिक्षणाने त्यात तिसरा अर्थ घातला: रक्ताभिसरण ढासळलेल्या रुग्णाचे थंड पाय. म्हणजे नवरदेवाचे पाय थंड पडले असे इंग्रजीत म्हटले तर वरपित्याने चिंता करावी, मराठीत म्हटले तर शेजारच्यांनी धावून यावे आणि डॉक्टरने म्हटले तर सलाईन लावावे!

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा नकळत एकाच जागी भेटत होत्या. इंग्रज हात मागतो. आपल्याकडे मुलीचे हात पिवळे करतात आणि विवाहाचे संस्कृत नावच पाणिग्रहण आहे. मत्सराला इंग्रजीत एकेकाळी हृदयाची जळजळ म्हणत; तोच शब्द आता आम्लपित्ताच्या छातीतील जळजळीसाठी रूढ आहे. आपण दुसऱ्याचे चांगले पाहून 'जळतो', आणि ते पाहवले नाही तर आपल्या 'पोटात दुखते'. पाठांतराच्या बाबतीत तर अवयवच वेगळा. इंग्रजीत कविता हृदयाने पाठ करतात. आपण ती तोंडपाठ, मुखोद्गत किंवा कंठस्थ करतो. इंग्रजाची स्मृती छातीत आणि आपली गळ्यात!

प्रेमाचे ठिकाण कोणते?

वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राने या सगळ्या अवयवांचा पुन्हा परिचय करून दिला. हृदय हा स्नायूंचा पंप आणि यकृत ही रसायनशाळा. परंतु शब्दांचा इतिहास पाहिला तर ही वाटणी इतकी सरळ नाही.

संस्कृत 'हृद्', ग्रीक 'कार्डिया', लॅटिन 'कॉर' आणि इंग्रजी 'हार्ट' हे एकाच मूळ घराण्यातील शब्द मानले जातात. आपला 'श्रद्धा' हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ त्याच घराण्यात बसवितात. मूळ अर्थ, हृदय ठेवणे. लॅटिनमध्ये विश्वासासाठी जे क्रियापद आहे, ज्यापासून आजचा 'क्रेडिट' शब्द आला, ते त्याचेच भावंड. यकृताचेही असेच घराणे आहे. संस्कृत 'यकृत्', ग्रीक 'हेपार' आणि फारसी 'जिगर' हे सख्खे नातलग आहेत. म्हणजे आपण हिपॅटायटिसचे निदान लिहितो, तेव्हा हिंदी चित्रपटातील नायकाचा जिगरच कागदावर उतरवीत असतो.

आणि आपले काळीज? त्याचे मूळ संस्कृत 'कालेय' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ यकृत. हिंदीतला कलेजाही तोच. बोलण्यात मात्र काळीज म्हणजे हृदय, असे आपण केव्हाच ठरवून टाकले. काळजाचा ठोका चुकतो, काळजात धस्स होते, काळजाला घरे पडतात. पोरका झालेला माणूस काळजावर दगड ठेवून जगतो आणि शूराचे काळीज वाघाचे असते. ठोका हृदयाचा, शब्द यकृताचा!

यात आपलेच काही वेगळे आहे असे नाही. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याच्या मते अन्नापासून रक्त तयार होई ते यकृतात. ते मत युरोपात दीड हजार वर्षे टिकले. त्यामुळे शेक्सपियरच्या काळी यकृत हे उत्कट प्रेमाचे आणि धैर्याचे ठिकाण समजले जाई, आणि 'मॅक्बेथ' नाटकात भित्र्या माणसाला हिणवताना त्याच्या पांढऱ्या यकृताचाच उल्लेख होतो. विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला तो १६२८ साली. पुढे इंग्रजी बोलण्यातून यकृत मागे पडत गेले आणि प्रेमाचा कारभार जवळजवळ संपूर्णपणे हृदयाकडे आला. आपल्याकडे तसे झाले नाही. मराठीने कोणाचीच खुर्ची काढून घेतली नाही. प्रेमाची कामे निरनिराळ्या अवयवांना वाटून दिली.

आईची माया पोटात असते. लेकरू पोटचा गोळा असते, त्याला पोटाशी धरतात, त्याचे अपराध पोटात घालतात आणि ते आजारी पडले की पोटात कालवाकालव होते. अभिमान उरात भरून येतो. प्रियजनांना डोळे भरून पाहतात आणि डोळ्यांत प्राण आणून त्यांची वाट पाहतात. डोळ्याच्या मधोमध असलेल्या काळ्या छिद्राला मराठीत 'बाहुली' म्हणतात. संस्कृतमधील 'कनीनिका' या शब्दाचे नाते कन्येशी आहे, आणि इंग्रजी 'प्युपिल' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थही लहान बाहुली असाच. दुसऱ्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिले की आपलीच चिमुकली प्रतिमा दिसते, ती ही बाहुली. तीन प्राचीन भाषांच्या लोकांना एकच गोष्ट दिसावी, यासाठी त्यांना एकमेकांच्या किती जवळ जाऊन पाहावे लागले असेल! १९६० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की आवडती गोष्ट पाहताना ही बाहुली विस्फारते. इटलीतील स्त्रिया सौंदर्यासाठी ज्या वनस्पतीचा रस डोळ्यांत घालीत, तिचे 'बेलाडोना' हे नाव म्हणजे सुंदर स्त्री. त्याच वनस्पतीपासून मिळणारे अॅट्रोपीन आपण सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेत देतो आणि बाहुली विस्फारली का, हे टॉर्च लावून पाहतो.

या सर्वांच्या वर आहे तो जीव. जीव लावतात, जीव जडतो, जीव ओवाळून टाकतात. जीव तीळतीळ तुटतो, टांगणीला लागतो, खालीवर होतो आणि शेवटी भांड्यात पडतो. शवविच्छेदनाच्या टेबलावर हा अवयव मला कोणी दाखविला नाही. इंग्रजी वाक्प्रचारांच्या यादीतही त्याच्यासमोर लिहावा असा एक शब्द सापडला नाही. कधी 'लाइफ', कधी 'हार्ट', कधी 'माइंड' असे तुकडे जोडावे लागतात. आणि माझ्या दवाखान्यात सर्वांत अधिक तक्रारी असतात त्या या जिवाच्याच.

परीक्षेत आलेली बोली

इंग्रजांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे सांगण्यासारखे आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली सुरू झाली आणि पुढील दशकांत भारतातून गेलेल्या हजारो डॉक्टरांनी ती आपल्या खांद्यावर पेलली. त्यांत मराठी डॉक्टरही होते. ही मंडळी इंग्रजीतूनच वैद्यक शिकली होती. तरीही वॉर्डात पाऊल टाकल्यावर त्यांच्या लक्षात येई की पुस्तकातील इंग्रजी आणि रुग्णाचे इंग्रजी ही दोन निराळी प्रकरणे आहेत. म्हातारे गृहस्थ आपल्या 'पाणीपुरवठ्या'ची तक्रार करीत. ती लघवीची असे. 'खाली काहीतरी बिघडले आहे' असे सांगून बाई गप्प राहत. एखादी मुलगी 'कुटुंबाच्या वाटेवर' असे, दुसरीच्या 'भट्टीत पाव' असे; दोघीही गर्भवती. शरीरसंबंधाविषयी तर कोणीच सरळ शब्द वापरीत नसे.

यावर ब्रिटनमध्ये रीतसर उपाय झाला. जॉय पार्किन्सन यांचे परदेशी डॉक्टरांसाठीचे इंग्रजीचे पुस्तक साठच्या दशकाच्या अखेरीस निघाले. बोलीतील शब्द आणि वाक्प्रचार समजावून देणाऱ्या त्या पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. १९७५ पासून परदेशी डॉक्टरांना नोंदणीपूर्वी परीक्षा द्यावी लागू लागली आणि तीत वैद्यकीय ज्ञानाबरोबर इंग्रजीचीही कसोटी असे. 'प्लॅब' या नावाने ही परीक्षा आपल्या अनेक मुलामुलींनी दिली आहे. त्या परीक्षेमागचे इतर हेतू काय होते, याविषयी मतभेद असतील. परंतु त्यातील एक तत्त्व मला मान्य आहे: रुग्णाने डॉक्टरची भाषा शिकायची नसते, डॉक्टरने रुग्णाची शिकायची असते.

आता हेच तत्त्व नदीच्या अलीकडे आणून पाहा. बाहेरच्या जिल्ह्यातून आमच्याकडे नेमणूक झालेल्या तरुण डॉक्टरला बाई सांगतात, 'पाय भारी आहेत.' तो सूज पाहण्यासाठी घोट्यावर बोट दाबतो. बाई लाजून मान खाली घालतात, कारण त्यांना दिवस गेलेले असतात. 'दिवस गेले', 'महिना आला नाही', 'कावळा शिवला', 'अंगावरून जाते' हे सारे शब्द त्याला नवे. यात त्याचा काही दोष नाही, कारण याची यादी कोणी त्याच्या हातात दिलेली नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांना स्वतंत्र स्थान मिळाले आणि पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेसाठीही तास ठेवले गेले, ही निश्चितच समाधानाची गोष्ट. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या हिंदी पुस्तकांचे प्रकाशन झाले. विद्यार्थ्याला आपल्या भाषेत विषय समजणे चांगलेच. परंतु पुस्तकाची भाषा बदलली म्हणून रुग्णाचे बोलणे कळू लागते, असे नाही. हिंदी पुस्तकातही हृदय आणि यकृतच असणार. आमच्याकडची मावशी सांगणार ती जिवाची गोष्ट.

तक्रारीच्या आतली तक्रार

वैद्यकीय मानववंशशास्त्रात यासाठी एक संज्ञा आहे. मार्क निक्टर या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली दक्षिण कर्नाटकातील स्त्रियांच्या अभ्यासावरून 'दुःखाचे वाक्प्रचार' ही कल्पना मांडली. ज्या समाजात बाईला आपले दुःख उघड बोलता येत नाही, तेथे ती ते शरीराच्या तक्रारीतून बोलते, असा त्याचा आशय. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत या कल्पनेला स्थान मिळाले. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. 'धातू जाते, कमजोरी आली' असे सांगत येणाऱ्या तरुणाच्या मनातील भीतीला प्रा. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणापर्यंत पोचले. लग्न ठरले की ही तक्रार घेऊन येणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. इंग्रज नवरदेवाचे पाय थंड पडतात, आमच्याकडच्याची धातू जाते.

तथापि येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. दुःख शरीरातून बोलते हे कळले की प्रत्येक तक्रार 'मनाची' ठरविण्याची घाई होते. याला आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने खणखणीत उत्तर दिले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक अथवा लैंगिक आजार आढळले आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. 'अंगावरून जाते' म्हणणाऱ्या बाईला खरोखर आजार असतो, हे त्या अभ्यासाने जगाला सांगितले. त्यानंतर २००५ साली गोव्यातील स्त्रियांच्या पाहणीतून डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली: या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि सामाजिक कारणांशी अधिक बळकट दिसला. दोन्ही अभ्यास मला परस्परविरोधी वाटत नाहीत. बाईचे वाक्य एकच असते. त्यात जंतू असू शकतो, मार असू शकतो, मूल होत नसल्याचे बोलणे असू शकते, किंवा हे सारे एकत्रही असू शकते. तपासल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय यांतले काहीच कळत नाही.

आपल्या जुन्या वैद्यकाने शब्द आणि शरीर यांची अशी फारकत केलेली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि म्हणून गर्भिणीला 'दौहृदिनी', दोन हृदयांची, म्हणतात. तिच्या इच्छा त्या दुसऱ्या हृदयाच्याही असतात. आपण ज्यांना कौतुकाने डोहाळे म्हणतो, त्या शब्दाचे मूळ अनेक अभ्यासक याच दोन हृदयांत शोधतात.

काळीज फुटते तेव्हा

काही वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंना त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणले. घरात नुकताच मृत्यू झाला होता. बाई छातीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणत होत्या, 'काळीज फुटलं जी, डाक्टरसाहेब.' बरोबरच्या बायका समजूत घालीत होत्या की दुःखच तेवढे मोठे आहे, रडून मोकळी हो. मी हृदयालेख काढला. त्यात तीव्र हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल होते. त्याच संध्याकाळी त्यांना नागपूरला पाठविले. अँजिओग्राफीत एकाही रोहिणीत अडथळा सापडला नाही. डाव्या जवनिकेचे टोक मात्र फुग्यासारखे फुगून निश्चल झालेले होते.

या विकाराचे वर्णन प्रथम जपानमधील हिरोशिमा येथे डॉ. हिकारू साटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली केले. फुगलेल्या जवनिकेचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्यांनी त्याला त्या मडक्याचेच नाव दिले: ताकोत्सुबो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २००५ साली १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांपैकी १८ स्त्रिया होत्या. आकस्मिक मानसिक आघातानंतर रक्तात ताणाची संप्रेरके प्रचंड प्रमाणात वाढून हृदयाचा स्नायू बधिर होतो, असे त्यातून पुढे आले. तेव्हापासून इंग्रजीत या विकाराचे लोकप्रिय नाव आहे भग्न हृदयाचा विकार. शाळेतल्या यादीत ज्या वाक्प्रचारासमोर 'बहुत दुखी होना' असा अर्थ लिहिलेला होता, तो आता हृदयरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे.

बहुतेक रुग्णांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते आणि या बाईंचेही झाले. परंतु सुरुवातीच्या दिवसांत जिवाला धोका असतो. मुख्य म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून, नुसते पाहून, हा विकार आणि रोहिणी बंद पडून आलेला झटका यांत फरक करता येत नाही. म्हणून शोकात असलेल्या बाईने छातीत कळ आल्याचे सांगितले तर 'मनाला लावून घेऊ नका' हे वाक्य हृदयालेख काढल्यानंतरच उच्चारावे. घरच्यांनीही तिला रडायला सोडून न देता दवाखान्यात आणावे. वाक्प्रचार कधीकधी शब्दशः खरा असतो.

पोटाच्या बाबतीतही तसेच. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असून ते व्हेगस चेतेद्वारे मेंदूशी सतत बोलत असते. मायकेल गर्शन यांनी १९९८ साली त्याला 'दुसरा मेंदू' म्हटले. २०१३च्या अखेरीस फिनलंडच्या संशोधकांनी ७०१ व्यक्तींना, कोणती भावना शरीरात कोठे जाणवते, ते रंगवून दाखविण्यास सांगितले. युरोप आणि तैवान येथील लोकांची चित्रे पुष्कळ अंशी सारखी आली, आणि प्रेमाच्या चित्रात छातीबरोबर डोके आणि पोटही रंगले होते. इंग्रजाने पोटात फुलपाखरे पाहिली, आपल्या आजीने गोळा उठलेला पाहिला. प्रयोगशाळेने दोघांनाही खरे ठरविले.

जीव लागत नाही

आता एका वाक्याविषयी लिहितो, ज्यासाठी खरे तर हा लेखप्रपंच. शेतीचा हंगाम बिघडतो, मुलगा परगावी जातो, जोडीदार जातो आणि माणूस खुर्चीवर बसून सांगतो, 'जीव लागत नाही जी.' इंग्रजी केसपेपरवर याचे भाषांतर 'अशक्तपणा' असे होते आणि टॉनिक लिहिले जाते. परंतु ज्या क्रियापदाने आपण प्रेम व्यक्त करतो, तेच क्रियापद येथे नकारात आले आहे. कशातच रस न उरणे हे नैराश्याचे मुख्य लक्षण पाठ्यपुस्तक परिच्छेदभर सांगते. आमचा रुग्ण ते तीन शब्दांत सांगून मोकळा होतो. पुढची पायरी असते 'जीव नकोसा झाला'. मराठीत हे वाक्य उन्हाळ्याच्या उकाड्यालाही वापरतात, म्हणून ते कानावरून जाते. दवाखान्यात ते कानावरून जाऊ देऊ नये. 'स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?' असे शांतपणे आणि सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. बोलायला वाट मिळते. मदतीसाठी शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावा.

नव्या पिढीविषयी माझी तक्रार नाही. आमच्याकडची महाविद्यालयीन मुले आज 'क्रश', 'ब्रेकअप', 'डिप्रेशन' हे शब्द सहज वापरतात आणि त्यांच्या पोटात फुलपाखरेही उडू लागली आहेत. माझ्या पिढीने इंग्रजी वाक्प्रचार गुणांसाठी पाठ केले. ही मुले ते आपल्या अनुभवासाठी वापरतात. प्रेमभंगाविषयी डॉक्टरसमोर बोलायला मराठीत संकोच वाटणारी मुलगी 'ब्रेकअप झाला' हे चार जणांत म्हणू शकते. परकीय शब्दाचा आडोसा तिला बोलण्याचे बळ देत असेल, तर तो शब्द आपण आदराने ऐकावा. फक्त तिच्या आजीचा शब्दही त्याच आदराने ऐकला जावा, एवढेच मागणे.

शेवटी आपल्या संस्थेपुढे एक लहानसा प्रस्ताव ठेवतो. माझ्या टेबलावर गेली काही वर्षे एक साधी शंभर पानी वही आहे. रुग्णाने वापरलेला शब्द, तो कोणत्या गावचा, त्याचा त्याने सांगितलेला अर्थ आणि तपासणीनंतर काय निघाले, एवढे चार रकाने मी तीत भरतो; रुग्णाचे नाव कधीच लिहीत नाही. बालाघाट, गोंदिया आणि भंडारा या तीनही जिल्ह्यांत आपले सदस्य आहेत. प्रत्येकाने वर्षभर अशी वही ठेवली, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांनाही सामील करून घेतले, तर मराठी, झाडीबोली, पोवारी आणि गोंडीतील दुखण्याच्या शब्दांची एक पुस्तिका पुढील स्मरणिकेपूर्वी तयार होऊ शकेल. नवा डॉक्टर आमच्या भागात रुजू झाला की स्वागताच्या पुष्पगुच्छाबरोबर ती त्याच्या हातात द्यावी. पहिल्या पानावर 'जीव' हा शब्द घ्यावा आणि त्याच्यासमोरचा रकाना मोठा ठेवावा.